गोव्यात भाड्याने फ्लॅट घेताना वादळ-पावसाचा विचार कसा करावा? (करंझाळे / मळा / पर्वरी)

निशिगंधा (१३ एप्रिल, रात्री ९:४०)

नमस्कार. यजमानांची बदली पणजीला झाली आहे आणि १ जूनला त्यांना हजर व्हायचे आहे. आम्ही दोघे, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे पुण्याहून येऊ. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांनी बेजार आहेत आणि रात्री झोपताना त्यांना ऑक्सिजनचे यंत्र (कॉन्सन्ट्रेटर) लावावे लागते. ते विजेवर चालते.

मागच्या आठवड्यात दोन दिवसांत धावपळ करून फ्लॅट पाहिले. तीन मनात भरले. करंझाळ्याला समुद्रापासून पाच मिनिटांवर तळमजला, पुढे छोटी बाग आणि बागेत माड. पणजीत मळा भागात जुन्या इमारतीचा पहिला मजला, ऑफिसला चालत जाता येईल असा. आणि पर्वरीला सातवा, म्हणजे शेवटचा मजला. लिफ्ट आहे आणि पश्चिमेला भलीमोठी बाल्कनी, तिथून दूरवर नदी दिसते.

एजंटला वादळाचे विचारले, तर तो म्हणाला, "गोव्यात वादळ येत नाही, ते वर गुजरातला जाते." मला ते पटले नाही. आम्ही पुण्याची माणसे, समुद्राकाठी कधी राहिलेलो नाही. घर बघताना नेमके काय बघायचे, मालकाशी काय बोलून घ्यायचे, हे तिथे राहणाऱ्यांनी सांगावे.

---

ताळगावकर (१३ एप्रिल, रात्री १०:२५)

निशिगंधाताई, एजंट अर्धेच बोलला. तौक्ते १६ मे २०२१ ला आमच्या किनाऱ्यासमोरून गेले आणि दुसऱ्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्याला धडकले. म्हणजे ते गुजरातला गेले हे खरे. पण जाता जाता गोव्याचे काय केले, ते त्याने तुम्हाला सांगायला हवे होते. राज्यभर झाडे कोसळली, तारा तुटल्या, खांब वाकले, माड आणि खांब अंगावर पडून माणसे गेली. रविवार होता, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. आमच्या वाड्यावर साडेतीन दिवस वीज नव्हती.

आणि वीज गेली की पाणी जाते. हे बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तिसवाडीला, म्हणजे पणजीच्या तालुक्याला, ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी येते, ते पंपाने चढवावे लागते. इमारतीतही खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पंपानेच जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची वरची टाकी संपली. मी आणि शेजारी बादलीला दोर लावून खालच्या टाकीतून पाणी काढत होतो आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना पोचवत होतो.

म्हणून प्रत्येक इमारतीत मालकाला नव्हे, वॉचमनला किंवा तळमजल्यावरच्या बाईंना एकच प्रश्न विचारा: "तौक्तेच्या वेळी इथे किती दिवस वीज नव्हती, आणि पाण्याचे काय केले?" तेव्हा तिथे राहणारे कोणी ना कोणी भेटतेच. त्या उत्तरातून अर्धे घर कळते.

---

निशिगंधा (१३ एप्रिल, रात्री १०:५०)

साडेतीन दिवस! काका, माझ्या पोटात गोळाच आला. सासूबाईंच्या यंत्राला इन्व्हर्टर पुरेल का?

---

तारा_आणि_खांब (१४ एप्रिल, सकाळी ७:१५)

मी विजेच्या कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून आकडे मांडतो.

पाच लिटरचे घरगुती कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ४०० वॉट ओढते. घरात सर्रास असते ती बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी या यंत्राला जेमतेम चार तास पुरेल. त्यातच दोन पंखे लावले तर त्याहून कमी. म्हणजे एक रातदेखील निघत नाही. घरी सिलिंडर हवाच. 'बी' आकाराच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर बारा तास जातात. सासूबाईंना किती लागतो ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुरवठादार पावसाळ्याआधी ठरवा, वादळाच्या दिवशी फोन कोणी उचलत नाही.

इमारतीत जनरेटर आहे म्हटले की लोक निर्धास्त होतात. तो कशाकशाला आहे ते विचारा. बहुतेक ठिकाणी तो लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप एवढ्यालाच असतो, फ्लॅटमध्ये एक प्लगही त्यावर नसतो. कुठे कुठे एका खोलीतला एक पॉइंट जोडून देतात. तुमच्यासाठी तो पॉइंट सोन्याच्या मोलाचा आहे. डिझेल किती तासांचे साठवतात तेही विचारा. आणि जनरेटर तळघरात किंवा पार्किंगच्या खोलगट कोपऱ्यात असेल तर पाणी भरल्यावर आधी तोच बंद पडणार.

दारावरून जाणाऱ्या तारा उघड्या आहेत की जमिनीखालून केबल आहे, ते नुसते मान वर करून दिसते. गोव्यात केबल जमिनीखाली टाकण्याचे काम बऱ्याच भागांत झाले आहे, बऱ्याच भागांत व्हायचे आहे. माडांच्या रांगेतून उघडी तार जात असेल तर तिथे प्रत्येक मोठ्या वाऱ्याला वीज जाणार हे गृहीत धरा. फ्लॅटमधल्या मुख्य बोर्डवर गळती पकडणारा ब्रेकर (ईएलसीबी किंवा आरसीसीबी) आहे का पाहा आणि त्याचे टेस्टचे बटण दाबा. लगेच पडला पाहिजे. खाऱ्या हवेत हे बिघडतात, आणि ओल आलेल्या भिंतीत विजेचा धक्का बसायला वेळ लागत नाही.

---

खाजनराखण (१४ एप्रिल, दुपारी १:०५)

सगळे वाऱ्याबद्दल बोलत आहेत, मी जमिनीबद्दल बोलतो. आमच्या घराण्याने तीन पिढ्या खाजन राखले.

खाजन म्हणजे भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेली शेतजमीन. बांधाला लाकडी दारांची मानस असते. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतले पावसाचे पाणी नदीत जाते. ही जमीन भरतीच्या पातळीखालीच असते. अशा शेतात माती टाकून त्यावर इमारत उभी केली की इमारत उंच होते, पण आजूबाजूच्या जागेचा स्वभाव बदलत नाही. उलट, पाणी मुरण्याची आणि पसरण्याची जागा गेली म्हणून ते रस्त्यावर येते.

पणजीतही तेच. मळा, सांतिनेजच्या खाडीच्या कडेचा भाग, १८ जून रस्ता हे सखल. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक असतो. जोराची सर आणि भरती एकाच वेळी आली की गटाराचे तोंड नदीच्या पाण्याखाली जाते आणि पाणी उलटे चढते. वादळात समुद्र आणखी फुगलेला असतो, मग ओहोटीची वाट बघण्यावाचून हाती काही राहत नाही.

ताई, मळ्यातला फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, घरात पाणी येणार नाही. पण जिन्याखाली मीटर असतील, टाकीचे झाकण जमिनीलगत असेल, तर गटाराचे पाणी पिण्याच्या टाकीत जाते. झाकण जमिनीपासून किती उंच आहे ते स्वतः पाहा. आणि तुमच्या सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यायचे झाले तर दारातून गाडी निघेल का, याचा विचार करा.

तळमजल्याच्या भिंतींवर एक खूण शोधा. जमिनीपासून फूट-दीड फुटावर आडवी पिवळसर रेघ असते. नव्या रंगाखालीही ती महिन्या-दोन महिन्यांत वर येते. फक्त खालचा भागच नव्याने रंगवलेला दिसला तर कारण विचारा.

---

बार्देसची_बाय (१४ एप्रिल, रात्री ८:३०)

पर्वरीच्या शेवटच्या मजल्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी तशाच फ्लॅटमध्ये तीन पावसाळे काढले.

मी जानेवारीत घर पाहिले. ऊन, वारा, पश्चिमेची बाल्कनी, सूर्यास्त. लगेच हो म्हटले. जूनमध्ये कळले की आपल्याकडचा पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या पट्टीत पाणी साचायचे आणि आत सांडायचे. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोके असतात, पाणी जायला. आमच्या खिडक्यांची भोके कोणीतरी सिलिकॉनने बुजवून टाकली होती! रात्री उठून टॉवेल पिळत बसायचे. तुम्ही बघायला जाल तेव्हा एक बाटली पाणी त्या पट्टीत ओता आणि ते कुठे जाते ते पाहा. मालकाला राग आला तर येऊ दे.

दुसरे, गच्चीवरचे पत्रे. गळती नको म्हणून गोव्यात जवळजवळ प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड असते. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याने त्या शेडखाली एकदा जाऊन यावे. पत्रा धरणारे हूक गंजलेत का, कडेचे पत्रे हलतात का, सांगाड्याच्या खांबांना बुडाशी गंज आहे का. तौक्तेच्या दिवशी आमच्या डोक्यावरचा एक पत्रा सुटला आणि सकाळभर आपटत होता. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची, कानावर हात ठेवून न्हाणीघरात बसली होती. शेवटी तो उडून खाली उभ्या असलेल्या गाडीवर गेला. तिथे त्या वेळी कोणी उभे नव्हते, ही देवाची कृपा.

मालकाला मी आधी दोनदा सांगितले होते, तोंडी. नंतर तो म्हणाला, "मला कुठे सांगितले?" तेव्हापासून नळाचा वॉशर गेला तरी मी फोटोसकट मेसेज पाठवते.

---

चिऱ्याचे_घर (१५ एप्रिल, सकाळी ११:२०)

सगळे फ्लॅटचेच सांगत आहेत. जुने चिऱ्याचे घर, मंगळुरी कौलांचे, अंगणात विहीर, असे काही बघितलेत का? तौक्तेत आमची पन्नासेक कौले गेली, पण विहीर होती म्हणून पाण्याची ददात नव्हती. आजूबाजूच्या दोन इमारतींतली माणसे आमच्याकडे कळशा घेऊन आली.

---

बार्देसची_बाय (१५ एप्रिल, दुपारी १२:१०)

विहिरीचे खरे आहे. पण ७४ वर्षांच्या बाईंना कौलातून ठिबकणाऱ्या घरात ऑक्सिजनच्या यंत्रासकट ठेवायचे म्हणजे धाडस आहे. शिवाय किनाऱ्याच्या पट्ट्यात अशा घरांचे मालक पावसाळ्यापुरते स्वस्तात देतात आणि ऑक्टोबर उजाडला की पर्यटकांसाठी खाली करा म्हणतात. किती जणांना मी ऐन दिवाळीत सामान बांधताना पाहिले आहे.

---

साष्टीतला_वकील (१५ एप्रिल, रात्री ९:००)

करारासंबंधी थोडे सविस्तर, कारण वादळानंतरची भांडणे इथेच होतात.

पहिले म्हणजे इमारतीची ऑक्युपन्सी (इमारत राहण्यासाठी वापरायला परवानगी असल्याचा दाखला) मागा. घरपट्टीची पावती दाखवून बरेच मालक विषय संपवतात. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. किनाऱ्यालगत वाढवलेले मजले आणि पत्र्याच्या वाढीव खोल्या यांची हीच गत असते, आणि अशा भागाची मजबुती कोणी तपासलेली नसते.

वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळीकडे अकरा महिन्यांचे करार होतात. त्यात गैर काही नाही. मात्र कागदावर 'भाडेपट्टा' लिहिले आहे की 'लिव्ह अँड लायसन्स' (जागा वापरायची नुसती परवानगी), ते वाचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेकरूला दोन मोठे आधार आहेत. आग, वादळ किंवा पुराने जागेचा मोठा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेकरूला आहे, अर्थात नुकसान त्याच्याच चुकीने झालेले नसेल तर. आणि मालकाने करायची दुरुस्ती नोटीस देऊनही वाजवी वेळात झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण हे भाडेपट्ट्यासाठी आहे, आणि करारात वेगळे लिहिले असेल तर ते वरचढ ठरते. लायसन्सच्या कागदात हे आधार आपोआप येत नाहीत. म्हणून कागद कुठलाही असो, स्वच्छ मराठीत किंवा इंग्रजीत लिहून घ्या: घर राहण्याजोगे नसेल तेवढ्या दिवसांचे भाडे नाही, छप्पर, खिडक्या, बाहेरच्या भिंती आणि मुख्य वायरिंग मालकाकडे, पावसाने आलेली ओल आणि रंगाचे पोपडे यांसाठी डिपॉझिट कापायचे नाही. या शेवटच्या वाक्यावर मी सर्वांत जास्त भांडणे पाहिली आहेत.

चावी घेण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, छताच्या कोपऱ्यांचे, खिडक्यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरून त्याची पोच ठेवा. एखादा मालक टाळाटाळ करू लागला तर तो भाडे लपवतोय असे समजा, आणि जो भाडे लपवतो तो करारही नीट करणार नाही.

विम्याचेही सांगतो. 'भारत गृह रक्षा' नावाची घरासाठीची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. वादळ आणि पूर दोन्ही तिच्यात येतात, आणि भाडेकरूला फक्त घरातल्या सामानापुरती घेता येते. मालकाच्या विम्यातून तुमचा फ्रिज भरून मिळत नाही.

---

ताळगावकर (१५ एप्रिल, रात्री ९:४५)

वकीलसाहेब, बरे केलेत. गाडीचे मी जोडतो. पार्किंगमध्ये पाणी भरले आणि गाडी बुडाली तर किल्ली फिरवायची नाही. इंजिनात पाणी असताना सुरू केली की इंजिन जाते, आणि साध्या विम्यात ते बहुधा भरून देत नाहीत, त्यासाठी इंजिनचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ढकलून बाहेर काढा, टोइंगला बोलवा.

पर्वरीबद्दल अजून एक. पठार आहे, पाणी भरणार नाही, हे खरे. पण पणजी आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय), दोन्हीला मांडवी नदी ओलांडावी लागते. मांडवीवरच्या नव्या पुलावर, अटल सेतूवर, दुचाकी चालत नाही, म्हणजे यजमान स्कूटरने जाणार असतील तर जुन्या पुलावरून. वादळी वाऱ्यात तिथे स्कूटर धरवत नाही, मी अनुभव घेतला आहे. आणि सासूबाईंना अपरात्री हलवायचे तर मध्ये नदी नसलेली बरी. ताळगाव पठार, दोनापावलाची वरची बाजू, बांबोळी, इकडे बघा. दुसरा किंवा तिसरा मजला, म्हणजे लिफ्ट बंद पडली तरी खुर्चीत बसवून दोघांना उतरवता येईल.

---

निशिगंधा (२६ एप्रिल, रात्री १०:१०)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार आम्ही पुन्हा येऊन गेलो. काय काय झाले ते लिहिते.

करंझाळ्याच्या घरी हॉलचा फक्त खालचा दोन फूट भाग ताजा रंगवलेला होता! पहिल्या भेटीत मला तो छान टापटीप वाटला होता. शेजारच्या काकूंनी सांगितले की गेल्या दोन पावसाळ्यांत पाणी उंबऱ्यापर्यंत आले. बागेतला एक माड घराकडे झुकलेला आणि त्याच्या शेंड्याजवळून तार गेलेली. तिथून निघालो.

मळ्यात वॉचमनला विचारले. तो म्हणाला, जोराचा पाऊस आणि भरती जुळली की तीन-चार तास रस्ता बंद. टाकीचे झाकण चक्क फरशीच्या पातळीत. पर्वरीला गच्चीवर जाऊ दिलेच नाही, 'किल्ली सोसायटीकडे आहे' म्हणाले.

मग बांबोळीला एक मिळाला. तिसरा मजला, खिडक्या पूर्व आणि दक्षिणेला, प्रत्येकीवर छज्जा. तौक्तेत दोन दिवस वीज नव्हती, पण जनरेटरवर पंप आणि लिफ्ट चालली, असे खालच्या आजींनी सांगितले. मालक बाई सज्जन वाटल्या. एका खोलीत जनरेटरचा पॉइंट द्यायला सोसायटीचा होकार त्यांनी लेखी मिळवून दिला. बाटलीभर पाणी खिडकीच्या पट्टीत ओतले, सगळे बाहेर गेले. त्या हसल्या, म्हणाल्या, "हे मला आजवर कोणी करून दाखवले नव्हते." ओलीसाठी डिपॉझिट न कापण्याचे मान्य केले. 'राहण्याजोगे नसेल तर भाडे नाही' याला मात्र तयार नव्हत्या. शेवटी सात दिवसांहून जास्त असेल तर, यावर जमले.

एक शंका राहिली. इमारतीच्या मागे डोंगर उभा कापलेला आहे आणि दहा-बारा फुटांची संरक्षक भिंत आहे. आमच्या बेडरूमपासून फार लांब नाही.

---

खाजनराखण (२७ एप्रिल, सकाळी ६:५०)

ताई, शंका रास्त आहे. त्या भिंतीला खालपासून वरपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर पाणी निघायची भोके किंवा पाइप आहेत का, ते बघा. नसतील, किंवा मातीने बुजलेले असतील, तर डोंगरात मुरलेले पाणी भिंतीला ढकलत राहते. भिंत मध्येच पोटासारखी बाहेर आली आहे का, उभ्या तडा आहेत का, वरच्या काठावर मातीत लांब भेग आहे का. यातले एकही दिसले तर घेऊ नका. भिंत सरळ आणि भोके मोकळी असतील तर सोसायटीला मेमध्ये ती साफ करून घ्यायला सांगा आणि सासूबाईंचा पलंग पुढच्या खोलीत लावा.

---

तारा_आणि_खांब (२७ एप्रिल, सकाळी ८:३०)

पॉइंट लेखी मिळवलात, फार चांगले केलेत. राहायला गेल्यावर एकदा मेन स्विच पाडून, जनरेटर चालू करवून, त्या पॉइंटवर यंत्र पंधरा मिनिटे चालवून बघा. अरबी समुद्रात वादळांचे दिवस दोन: मे-जून, आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. पाऊस संपला म्हणून सिलिंडर परत करू नका. २००९ चे फयान नोव्हेंबरात आले होते आणि २०१९ चे क्यार ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत. हवामान खात्याचा इशारा ऑरेंज झाला किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की सिलिंडर, पाणी, फोन सगळे भरून घ्या. विजेची तक्रार १९१२, रुग्णवाहिका १०८, बाकी कशालाही ११२. हे आकडे फ्रिजवर चिकटवा, सासूबाईंना दिसतील असे.

---

निशिगंधा (२९ एप्रिल, रात्री ९:१५)

मालक बाईंनी आज मागच्या भिंतीचे फोटो पाठवले. भोके आहेत, तडा नाहीत, पण खालच्या रांगेतली सहा बुजलेली आहेत. सोसायटीचा माणूस १५ मेच्या आत साफ करून देणार. मी तेव्हा स्वतः येऊन बघणार आहे, त्यानंतरच डिपॉझिटचा दुसरा हप्ता.

ताळगावकर काका, त्या दिवशी तुम्हाला भेटायला आवडेल. सासूबाई म्हणाल्या, ज्यांनी चौथ्या मजल्यावर पाणी वाहिले त्यांना आमची पुरणपोळी नेऊन दे.

---

ताळगावकर (२९ एप्रिल, रात्री ९:३०)

या, नक्की या. भिंत बघायला मी सोबत येतो. येताना विळी किंवा लांब सळई आणा, भोकात घालून बघू.